पहिलं डुक्कर मेलं, तेव्हाच सांगा

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या पाड्यापाड्यांवर रेडिओ लावून बसलेल्या आमच्या सगळ्या ताई, वहिनी, मावशी आणि आजींनो, आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. चुलीवर भात असेल तर तो शिजू द्या. हात कामात राहू देत, कान तेवढे इकडे द्या.

आज आम्ही बोलणार आहोत डुकरांच्या एका तापाबद्दल. त्याचं नाव आफ्रिकन स्वाइन फिवर. सरकारी कागदात त्याला आफ्रिकन वराह ज्वर म्हणतात. वराह म्हणजे डुक्कर, ज्वर म्हणजे ताप. काहीजणी म्हणतील, आमच्या दारात डुक्कर नाही, मग आम्ही हे कशाला ऐकायचं? तर दोन कारणांसाठी ऐका. एक, तुमच्या गटातली कुणी ना कुणी डुकरांसाठी कर्ज मागणार आहे, आणि त्या कर्जात तुमचीही बचत आहे. दुसरं, तुमच्या भाताच्या शेतात रात्री शिरतं त्या रानडुकरालाही हाच रोग होतो. म्हणजे डुक्कर न पाळणारीही या गोष्टीत आहेच.

आधी कर्जाचं बोलू. आजवर आपल्या गटांत कर्ज मागितलं जायचं शेळीसाठी, गावठी कोंबड्यांसाठी, भाजीच्या बियाण्यासाठी, मुलांच्या फीसाठी. आता डुकरांसाठीही विचारणा होते. त्यात चुकीचं काही नाही. शेळी एका वेळी एक किंवा दोन पिल्लं देते. डुकरीण आठ-दहा देते. तिचा गाभणकाळ तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस, असा बोटावर मोजता येतो. वर्षात दोन वेतं होतात. डुक्कर कोंडा खातं, भाजीचा पाला खातं, उरलंसुरलं खातं. जिच्याकडे जमीन नाही तिलाही ते परवडतं. लोक नाकं मुरडतात, ते मुरडू देत. पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च नाक मुरडणारे देत नाहीत.

पण कर्ज देण्याआधी गटाने एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. या रोगावर औषध नाही. आपल्या देशात शेतकऱ्याला मिळेल अशी लसही नाही. रोग शेडमध्ये शिरला तर शंभरातली शंभर डुकरं मरू शकतात. मग हप्ता कुठून भरायचा? म्हणून आजचं बोलणं.

आपल्या तालुक्यात असं काही घडलेलं नाही असं समजू नका. २०२२चा फेब्रुवारी आठवा. शहापूर तालुक्यातल्या वेहळोली गावात एका ठिकाणी शंभरेक कोंबड्या अचानक मेल्या. नमुने तपासणीला गेले आणि बर्ड फ्लू निघाला. मग त्या जागेभोवतीच्या एक किलोमीटर परिसरातले सुमारे पंचवीस हजार पक्षी मारायचं प्रशासनाने ठरवलं. ज्यांच्या कोंबड्या चांगल्या होत्या, खात-पीत होत्या, त्यांच्याही त्यात गेल्या. त्याच वर्षी गाई-बैलांना लम्पी आला. लम्पीच्या वेळी निदान लस होती, शेळ्यांच्या देवीची लस गुरांना टोचली. बर्ड फ्लूच्या वेळी पक्षी मारणं हाच उपाय होता. डुकरांचा हा ताप त्या दुसऱ्या प्रकारातला आहे. त्यातही रोग सापडला की एक किलोमीटरचा बाधित भाग ठरतो, त्यातली डुकरं मारून पुरली जातात, आणि दहा किलोमीटरपर्यंत पाहणी होते.

आता एक गैरसमज दूर करू. स्वाइन हा शब्द ऐकला की आपल्याला स्वाइन फ्लू आठवतो. २००९ साली पुण्यात त्याने हाहाकार केला होता, तोंडाला रुमाल बांधून लोक फिरत होते. तो माणसांचा ताप होता. आज आम्ही सांगतोय तो वेगळा. आफ्रिकन स्वाइन फिवर माणसाला होत नाही. डुकराची शेड झाडणाऱ्या बाईला होत नाही, तिच्या लेकराला होत नाही, गाई-शेळ्यांनाही होत नाही. म्हणून कुणी डुकरं पाळणाऱ्या घराला वाळीत टाकू नका, त्यांच्या मुलांना अंगणवाडीत वेगळं बसवू नका. पण माणसाला होत नाही म्हणून मेलेलं डुक्कर कापून वाटून खायचं, असंही करू नका. ते का, ते पुढे येईल.

रोगाची लक्षणं ऐका. लागण झाल्यावर साधारण चार ते एकोणीस दिवसांत डुकराला मोठा ताप भरतो. ते खाणं सोडतं. सगळी एकमेकांना चिकटून कोपऱ्यात पडून राहतात. कान, पोट, पाय यांची कातडी लाल-जांभळी दिसते. उलटी होते, जुलाबात रक्त येतं. गाभण डुकरीण गाभ टाकते. कधीकधी तर काहीच दिसत नाही, रात्री चांगलं असलेलं डुक्कर सकाळी मेलेलं सापडतं.

अशीच लक्षणं असलेला दुसरा एक रोग आहे, क्लासिकल स्वाइन फिवर. जुनी माणसं त्याला हॉग कॉलरा म्हणायची. नावं सारखी, लक्षणं सारखी, पण विषाणू अगदी वेगळे. या दुसऱ्या रोगावर लस आहे. पूर्वी ती सशांच्या अंगात तयार करावी लागायची. एका सशापासून पन्नासेक डुकरांपुरती लस निघायची, म्हणून ती कधी पुरत नसे. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने आपल्या देशातल्याच विषाणूपासून नवी लस तयार केली. ती प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तयार होते, सशांची गरज लागत नाही. २०२० साली ती पुढे आणली गेली. तेव्हा पिल्लं घेतली की दवाखान्यात जाऊन या लसीबद्दल विचारा. पण ती टोचली म्हणजे आफ्रिकन तापापासूनही सुटलो, असं नाही. कुठला ताप आहे हे डोळ्यांनी बघून डॉक्टरांनाही सांगता येत नाही. रक्ताचा किंवा अवयवाचा नमुना प्रयोगशाळेत गेल्यावरच कळतं. आपल्या देशात त्याचं शेवटचं उत्तर भोपाळच्या प्रयोगशाळेतून येतं, राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थानातून.

आता हा रोग आला कुठून आणि शास्त्रज्ञांनी त्याचा माग कसा काढला, ते ऐका. त्यात आपल्या उपयोगाचं बरंच आहे.

आफ्रिकेतल्या केनियात गोऱ्या लोकांनी शेतीसाठी आपली डुकरं नेली. ती डुकरं पटापट मरू लागली. मॉन्टगोमेरी नावाच्या पशुवैद्यकाने १९२१ साली या रोगाची पहिली सविस्तर नोंद लिहिली. तिथलं वॉर्टहॉग नावाचं रानातलं डुक्कर मात्र ठणठणीत होतं. पुढच्या संशोधनात कळलं की विषाणू त्या रानटी डुकराच्या अंगात राहतो, पण त्याला काही करत नाही. त्याच्या बिळात मऊ अंगाची एक गोचीड असते. ती गोचीड हा विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे नेते. म्हणजे रान आणि गाव जिथे भेटतं, तिथे रोगाला वाट मिळाली.

दुसरी वाट सापडली युरोपात. १९५७ साली पोर्तुगालमध्ये लिस्बन शहराजवळच्या डुकरांना हा रोग झाला. विमानातून आलेलं उरलेलं अन्न तिथल्या डुकरांना घातलं जात होतं. २००७ साली जॉर्जिया देशात रोग आला, तोही बंदरावर जहाजातून उतरवलेल्या खरकट्यातून आला असं मानतात. तिथून रशिया, पूर्व युरोप, आणि २०१८च्या ऑगस्टमध्ये चीन. दुसऱ्या वर्षी व्हिएतनाम. आजारी डुक्कर स्वतः चालत एवढा प्रवास करत नाही. त्याचं मांस प्रवास करतं. गोठवलेल्या मांसात हा विषाणू वर्षानुवर्षं जिवंत राहतो, वाळवलेल्या आणि खारवलेल्या मांसात कित्येक महिने. ते मांस खाऊन माणसाला काही होत नाही, पण हात धुतलेलं पाणी, हाडं, उरलेला रस्सा डुकराच्या पुढ्यात गेला की रोग पोचला. मेलेलं डुक्कर वाटून खाऊ नका असं आम्ही म्हणालो ते यासाठी. एका घरचं मेलेलं डुक्कर दहा घरी वाटलं, तर दहा घरच्या डुकरांना रोग वाटला.

आपल्या देशात हा रोग २०२० साली आला. वर्षाच्या सुरुवातीला अरुणाचल प्रदेश आणि आसाममध्ये डुकरं मरू लागली. मे महिन्यात भोपाळच्या तपासणीवरून आसाम सरकारने जाहीर केलं की हा आफ्रिकन स्वाइन फिवर आहे. मधले महिने लक्षात घ्या. त्या महिन्यांत रोगाला नाव नव्हतं, आणि डुकरांची ने-आण चालूच होती. २०२१च्या मार्चमध्ये मिझोराममध्ये बांगलादेशाच्या सीमेजवळ रोग सापडला. त्या वर्षात तिथे तीस हजारांहून जास्त डुकरं मेली. तिथे डुक्कर म्हणजे घरामागे दोन-तीन, आणि त्यांचं खाणंपिणं बघणार घरची बाई, आपल्याकडच्या शेळीसारखं. २०२२ साली केरळच्या वायनाडमध्ये आला, आणि आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात रिवा शहरात आला. रिवात दोन हजारांवर डुकरं मेली. ती गल्लीबोळात मोकाट फिरणारी डुकरं होती.

लसीचं काय, असं तुम्ही विचाराल. शंभर वर्षं झाली तरी का सापडली नाही? हा विषाणू फार मोठा आणि गुंतागुंतीचा आहे, त्याच्या विरुद्ध शरीराला शिकवणं अवघड जातं. अमेरिकेतल्या संशोधकांनी विषाणूतला एक भाग काढून टाकून तो दुबळा केला, आणि त्यापासून व्हिएतनाममधल्या कंपनीने लस तयार केली. २०२२ साली ती वापरायला काढली, तर काही ठिकाणी टोचलेली डुकरं मेली आणि वापर थांबवावा लागला. पुन्हा तपासण्या झाल्या. २०२३च्या जुलैमध्ये व्हिएतनामने दोन लसींना देशभर परवानगी दिली. इतर बरेच देश अजून सावध आहेत, कारण जिवंत विषाणूची लस आहे, तो उलटला तर काय, ही भीती आहे. तेव्हा गावात कुणी दुचाकीवरून येऊन पिशवीतून बाटली काढली आणि म्हणाला, ताई, ही आफ्रिकन तापाची लस, एवढे पैसे द्या, तर त्याला चहा पाजा आणि तसाच परत पाठवा.

आता रानडुकराकडे येऊ. आपल्याकडे एका बाजूला तानसा अभयारण्य, माहुलीचं रान, दुसऱ्या बाजूला माळशेजचा डोंगर. भात दाण्यावर आलं की रात्री माळ्यावर बसून डबे वाजवायचे, हे दोन्ही तालुक्यांना नवं नाही. नाचणी-वरई करणाऱ्यांना तर विचारूच नका. या रानडुकरांना आपल्याकडच्या घरच्या डुकरांइतकाच हा रोग लागतो. ती वॉर्टहॉगसारखी वाचत नाहीत, मरतात. २०२३च्या जानेवारीत तामिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात मेलेल्या रानडुकरांमध्ये हा रोग सापडला.

मेलेलं रानडुक्कर हे मोठं संकट असतं. जर्मनीतल्या संशोधकांनी एक साधी गोष्ट केली. जंगलात मेलेल्या रानडुकरांजवळ त्यांनी कॅमेरे लावून ठेवले आणि बाकीची रानडुकरं येऊन काय करतात ते बघितलं. त्यांना वाटलं होतं, ती मेलेल्याला खात असतील. तसं दिसलं नाही. पण ती येत होती, हुंगत होती, आणि मढ्याखालची, बाजूची माती नाकाने उकरत होती. मढं सडून गेल्यावरही त्या जागेला येत होती. म्हणजे नुसतं मेलेलं जनावर नव्हे, ती जागासुद्धा रोगाचं घर होते.

बेल्जियम देशात २०१८ साली रानडुकरांमध्ये रोग आला. त्यांनी काय केलं? रानाभोवती कुंपणं घातली, माणसांना त्या भागात फिरायला बंदी केली, आणि माणसं लावून मेलेली रानडुकरं शोधून शोधून उचलली. दोन वर्षांत देश रोगमुक्त झाला, आणि घरच्या एकाही डुकराला लागण झाली नाही. आपल्याकडे डोंगराला कुंपण घालता येणार नाही, ते आम्हालाही कळतं. पण शोधण्याचं काम आपण करू शकतो, कारण रानात रोज जातं कोण? सरपणाला, करवंदांना, पावसाळ्यात रानभाज्यांना, मोहाची फुलं वेचायला आपणच जातो. मेलेलं रानडुक्कर दिसलं तर त्याला हात लावू नका, ओढून आणू नका, कुत्र्यांना घालू नका. जागा लक्षात ठेवा आणि वनरक्षकाला किंवा ग्रामपंचायतीत सांगा. घरी आल्यावर पाय आणि चपला धुवा, मगच शेडकडे जा.

आणि एक बोलायला अवघड गोष्ट, पण आपल्या आपल्यात बोलू. परवानगीशिवाय रानडुक्कर मारणं गुन्हा आहे, ते सगळ्यांना माहीत आहे. तरी कुठे फासकी लागते, कुठे वाटे पडतात. आम्ही इथे कुणाचं नाव घ्यायला बसलेलो नाही. पण ज्या घरात रानडुकराचं मटण शिरतं, त्या घरातलं धुवण शेडमध्ये गेलं तर स्वतःच्याच हाताने आपण रोग वाढून ठेवला. घरातल्या पुरुषमाणसांना हे सांगायचं काम आपल्यालाच करावं लागेल.

आता शेडचं बोलू. पहिलं म्हणजे डुकरं मोकाट सोडायची नाहीत. इटलीतल्या सार्डिनिया बेटावर १९७८ साली हा रोग आला, तो २०२४ पर्यंत गेला नाही. छेचाळीस वर्षं. त्याचं एक मोठं कारण होतं रानात मोकळी सोडलेली डुकरं. ती रानडुकरांमध्ये मिसळत आणि रोग फिरत राही. मोकाट डुकरं बंद केली तेव्हा रोग आटोक्यात आला. म्हणून बांबूची का होईना, पण भक्कम शेड हवी. आणि तिच्याबाहेर दोन हात अंतर सोडून दुसरं कुंपण हवं, म्हणजे रात्री आलेल्या रानडुकराचं नाक आपल्या डुकराच्या नाकाला लागणार नाही.

दुसरं, खाणं. इथे खरी अडचण आहे, आणि ती आम्ही लपवणार नाही. मुंबई-नाशिक रस्त्यावर आसनगावपासून कसाऱ्यापर्यंत ढाबे आहेत. मुरबाडच्या एमआयडीसीत कँटीन आहेत, माळशेजच्या रस्त्याला पावसाळ्यात हॉटेलं भरलेली असतात. लग्नसराईत हॉल आहेत. तिथलं उष्टं-खरकटं फुकट मिळतं, म्हणून तर डुक्करपालन स्वस्त पडतं. आणि जगभर या रोगाची सगळ्यात मोठी वाट तीच आहे, उष्टं. त्यात कुठल्या गावचं, कुठल्या राज्यातलं मांस आलं, कोण सांगणार?

नियम असा आहे की असं उष्टं घालायचंच असेल तर ते निदान एक तास, ढवळत ढवळत, नव्वद अंशांच्या वर उकळलं पाहिजे. आपल्या भाषेत, रटरट उकळी फुटल्यावर पूर्ण एक तास. नुसतं कोमट करून भागत नाही. आता एक तास मोठं पातेलं उकळायला सरपण किती लागतं, ते वाहून आणणाऱ्या बाईला विचारा. म्हणून हिशेब करताना फुकटचं उष्टं असं लिहू नका. त्यापुढे सरपणाची मोळी आणि तुमचे दोन तास लिहा. मग बघा, भाताचा कोंडा, रताळ्याचे वेल, घरच्या भाजीचा पाला, भोपळा, यावर चार डुकरं पोसणं स्वस्त पडतं का. आमच्या गटांत आम्ही असाच हिशेब मांडायला सांगतो. जिला उकळणं जमणार नाही, तिने हॉटेलचं उष्टं आणूच नये.

तिसरं, नवीन पिल्लं. म्हसाच्या जत्रेतून बैल आणताना चार माणसं त्याचे दात बघतात, चाल बघतात. डुकराचं पिल्लू मात्र आपण कुणाच्या टेम्पोतून उतरलं तेही विचारत नाही. पिल्लू कुठून आलं ते विचारा. आणल्यावर तीस दिवस वेगळं ठेवा, त्याची भांडी वेगळी, त्याला खायला घालायचं ते सगळ्यांत शेवटी. व्यापाऱ्याला शेडच्या आत येऊ देऊ नका. तो सकाळपासून दहा शेडमध्ये फिरून आलेला असतो, त्याच्या बुटाला काय लागलंय कुणाला ठाऊक. दाराशी चुन्याचं पाणी ठेवा, चपला त्यात बुडवूनच आत जा. नर लावायला एका घरून दुसऱ्या घरी फिरवणं जितकं टाळता येईल तितकं टाळा.

एवढं सगळं करूनही रोग आला तर? आमच्या बोलण्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे.

एक डुक्कर मेलं. दुसऱ्याने खाणं सोडलं. घरात रात्री बोलणं होतं. नवरा म्हणतो, गप्प राहा, व्यापाऱ्याला फोन लाव, निम्म्या भावात का होईना उरलेली देऊन टाकू. सासू म्हणते, गावाला कळलं तर आपल्या नावाने बोटं मोडतील. बाई विचार करते, गटाचा हप्ता आहे. आणि पहाटे टेम्पो येतो. असं झालं की रोग त्या टेम्पोबरोबर पुढच्या गावी गेला. ठिकठिकाणच्या संशोधकांनी हेच लिहून ठेवलंय, की घाबरून केलेली विक्री रोगाला पाय देते.

कायदा सांगतो की लपवायचं नाही. २००९ सालचा केंद्राचा कायदा आहे, जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधाचा. अशा रोगाचा संशय आला तर मालकाने ग्रामपंचायतीला कळवायचं, आणि तिथून जवळच्या पशुवैद्यकीय डॉक्टरांना कळवलं जातं. थेट दवाखान्यात गेलात तरी चालतं. १९६२ हा फुकट फोन नंबर आहे, एक, नऊ, सहा, दोन. त्यावरही सांगता येतं.

आणि पैशाचं नीट समजून घ्या. सरकार नुकसानभरपाई देतं ती रोग पसरू नये म्हणून मारलेल्या डुकरांची, वजनानुसार. अर्धे पैसे केंद्राचे, अर्धे राज्याचे. जी डुकरं आधीच मेली आणि गुपचूप पुरली, त्यांचं काही मिळत नाही. म्हणजे दहातलं एक मेल्यावर सांगितलं तर नवांचा विचार होईल. नऊ मेल्यावर सांगितलं तर एकाचा. पैसे लगेच हातात पडतील असं मात्र धरून चालू नका. विमा काढला असेल तर त्यातही आधीच विचारून घ्या, साथीच्या रोगाने मेलेलं डुक्कर धरतात की नाही, आणि उत्तर लिहून घ्या.

कायदा आहे, भरपाई आहे, तरी बाई सांगायला का घाबरते? कारण तिने सांगितल्यावर तिची डुकरं जातात आणि एक किलोमीटरमधल्या शेजारणींचीही जातात. त्यांची तर चांगली होती. त्या म्हणणार, हिने तोंड उघडलं म्हणून आमची मारली. खरं तर तिने तोंड उघडलं म्हणून पुढच्या दहा पाड्यांची वाचली. पण वाचलेल्या पाड्यावरच्या बाईला ते कधी कळतही नाही. तोटा समोर दिसतो, वाचलेलं दिसत नाही. मग जी पहिल्यांदा सांगते तिच्या बाजूने उभं कोण राहणार? सरकारी माणूस चार दिवसांनी निघून जातो. ते काम गटाचं आहे, आणि ते रोग येण्याआधी ठरवून ठेवायचं आहे. रोग आल्यावर बैठक घेतली तर भांडणच होणार.

म्हणून आम्ही सगळ्या गटांना सांगतो, डुकरांसाठी पहिलं कर्ज देण्याआधी हे ठराव करा आणि इतिवृत्तात लिहा. कर्ज दोन टप्प्यांत द्या, आधी शेड आणि कुंपणासाठी, ते उभं राहिलेलं बघून मग पिल्लांसाठी. गटाची सगळी बचत डुकरांत घालू नका, काही शेळ्यांत, काही भाजीत राहू द्या. एकाच पाड्यावर सगळ्यांना एकदम डुकरांचं कर्ज नको. पशुसखीने आठवड्यातून एकदा शेडबाहेरून विचारपूस करून वहीत लिहावं, किती आहेत, किती मेली, नवीन कधी आली. आणि शेवटचा ठराव ठळक अक्षरात लिहा. जी बाई पहिलं डुक्कर मेल्याबरोबर कळवेल, तिचा हप्ता ठरावीक महिने थांबेल, त्या काळाचं व्याज गट घेणार नाही, आणि तिच्यासोबत दवाखान्यात गटातल्या दोघीजणी जातील. शेजारणींची डुकरं गेली तर त्यांनाही तीच सवलत. किती महिने, ते आपल्या गटाच्या शिलकीवरून तुम्हीच ठरवा. तुमच्या एकट्या गटाला झेपत नसेल तर ग्रामसंघात विषय मांडा.

डॉक्टर येईपर्यंत काय करायचं, तेही लक्षात ठेवा. मेलेलं डुक्कर ओढ्यात, नदीत, धरणाच्या पाण्याकडे टाकायचं नाही. आपल्या भातसा, तानसाचं पाणी अर्धी मुंबई पिते, आणि वाहून गेलेलं मढं खालच्या गावच्या डुकरांपर्यंत पोचतं. ते कापायचं नाही. डॉक्टरांनी नमुना घेतल्यावर त्यांच्या सांगण्याप्रमाणे खोल खड्ड्यात, चुना टाकून पुरायचं. शेडमधून एकही डुक्कर बाहेर द्यायचं नाही, बाहेरचं आत घ्यायचं नाही. जी व्यक्ती शेडमध्ये काम करते तिने दुसऱ्या कुणाच्या शेडकडे फिरकायचं नाही. आणि सगळी डुकरं गेल्यावर लगेच नवीन भरायची घाई करू नका. शेड धुऊन, चुना मारून, रिकामी ठेवा. पुन्हा कधी भरायची ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत बचत गोळा करून झाली की हा विषय पाच मिनिटं काढा. लिहिता येणाऱ्या ताईने ठराव लिहावेत, बाकीच्यांनी सह्या-अंगठे करावेत. ज्यांच्याकडे डुकरं आहेत त्या शेजारणीला, ती गटात नसली तरी, १९६२ नंबर सांगून या. बैठकीत अडचणी निघतील, सरपणाच्या, जागेच्या, हप्त्याच्या. त्या लिहून आमच्याकडे रेडिओ केंद्रावर पाठवा. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून त्यांची उत्तरं आम्ही याच वेळेला सांगू.